जाड सालीची दालचिनी

रेवतीनं माझ्यापुढे पत्र्याचा डबा ठेवून झाकण उघडलं, तसा दालचिनीचा वास पार ओटीपर्यंत गेला.

"एवढी?" मी विचारलं.

"तुमच्यासाठीच राखून ठेवली, वन्सं. जन्मभर पुरेल."

रेवती माझ्या धाकट्या भावाची, दिगूची बायको. मिरजेकडची. आमची मालवणी तिला कळायची सगळी, पण बोलायला जीभ वळत नसे.

डबा तोंडापर्यंत भरलेला होता. मी एक तुकडा उचलला, नखानं खरवडला. चांगली दालचिनी कागदासारखी पातळ असते. वाळली की आपणच आपल्याला गुंडाळून घेते, थंडीत पोरगी पदर गुंडाळते तशी. ही मात्र फुटक्या कौलासारखी जाड आणि बाहेरून खरबरीत होती.

"ही फांदीची नाही वाटत गं."

"मला त्यातलं काय कळतंय? ह्यांनी काढली. म्हणाले, ताई येतेय, तिला केकला लागेल."

माझे डोळे भरून आले. मी मान खाली घालून तुकडे निवडत बसले. माझ्यासाठी कुणी काही राखून ठेवलंय, हे कितीतरी वर्षांनी घडत होतं.

त्या दिवशी दुपारच्या गाडीनं मी माहेरी उतरले होते ती एक मागणं घेऊन. मला आमच्या घराची मागची पडवी हवी होती. नवरा गेल्यापासून कोल्हापूरला दिराच्या घरात होते. जाऊ वाईट नव्हती, पण तिनं माझा केकचा टोप आधी ओट्यावरून मोरीत नेला, मोरीतून गच्चीवर, आणि एके दिवशी म्हणाली, "वाळू सांडते हो घरभर." वाळूचं निमित्त. सांडत मीच होते.

केक मी लहानपणी शिकले, शेजारच्या फिलोमिनामावशीकडे. मोठ्या टोपात धुतलेली वाळू, वाळूवर पितळी कडं, कड्यावर केकचा पत्रा. टोपाखाली करवंट्यांचे निखारे आणि झाकणावरही निखारे. मावशीचा केक गोल असायचा. मी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चौकोनी ताट करून घेतलं होतं, म्हणजे केकच्या लांबट वड्या पाडता येत. वडी मोडत नाही, डब्यात रचता येते, हातात धरून खाता येते. कुडाळचा एक बेकरीवाला म्हणाला होता, आठवड्याला दोन डबे द्या, खपवतो. मला फक्त चूल मांडायला जागा हवी होती.

दिगूला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, "ये गो तू. आईक विचार. घर आईच्या नावार आसा, माझ्या काय हातात नाय."

ते खरंच होतं. अण्णा जाताना घर आईच्या नावानं करून गेले होते. आणि आईचा शब्द म्हणजे त्या घराचा वासा.

"मागच्या दाराला कडी आहे बरं का," रेवती म्हणाली. "वानरं शिरतात. राख बिख मी टाकीन, तुम्ही नका उघडू."

मी बरं म्हटलं.

आई स्वयंपाकघरात पाट टाकून खलबत्ता घेऊन बसली. गुडघ्यांनी ती जखडली होती. मागच्या दाराच्या उंच पायऱ्या उतरणं तिनं कधीच सोडलं होतं. पण बसायची ती नेहमी खिडकीसमोर. तिथून दालचिनीचा शेंडा दिसायचा. अण्णांनी लावलेलं झाड. अण्णा गेले त्या वर्षी आईनं सांगून ठेवलं होतं, ह्या झाडाला कोयता लागला, तर माझ्या गळ्याखाली घास उतरणार नाही.

"हाड तो डबो हडे, तू हात नको लावू. कुटतंय मी," ती म्हणाली. "तू लोणी फेस. अंडा नको हां घालू माझ्या वाटणीत."

"नाय गो आये. दही घालतंय."

"घाल. कोल्हापुरात ऱ्हवान मालवणी इसारलंस काय बघी होतंय."

खलबत्त्याच्या ठोक्यावर ती गुणगुणायला लागली. आईला ओव्या येत, त्यातल्या अर्ध्या तिच्याच. जुनी कुठली, नवी कुठली, तिचं तिलाही सांगता येत नसे.

दारीची दालचिनी, साल काढीतो माळी बाई
सोलणारा म्हणे, झाडाला दुखत नाही

"ही कधी केलीस?"

"आता गो. तुझ्या तोंडाकडे बघान सुचली." आणि हसली. तिच्या हसण्यात मला जागा दिसली. पडवीएवढी.

लोणी-साखर फेसली, मैदा दोनदा चाळला, दही आणि नारळाचं दूध घालून पीठ सैल केलं. टोप तापला होता. ताट आत ठेवलं, झाकणावर निखारे पसरले. दालचिनी मात्र लगेच घालायची नाही. आधी घातली तर ती पिठात बुडते, उशिरा घातली तर चिकटत नाही, वड्या पाडताना झडून जाते. केक अर्धा फुगतो, वर नुसती साय धरल्यासारखी त्वचा येते, तेव्हा झाकण उचलायचं, आणि लोण्यात मळलेली साखर-दालचिनी चिमटीचिमटीनं पसरायची. मग ती वितळते, पुन्हा कडक होते, आणि वडीवर तांबूस खपली धरते.

झाकण उचललं तेव्हा दिगू दारात येऊन उभा राहिला. "ताई, वास म्हणजे काय, रस्त्यार जाणारो माणूस आत येतलो."

"आता येतलेच माणसा," आई म्हणाली. "तुका तर पर्यटकच व्हये."

दिगूच्या मनात घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या. पडवी पाडून, आणि दालचिनीच्या जागेपर्यंत. आईनं झाडाचं नाव काढून तो विषय मिटवला होता, म्हणजे मिटवला असं तिला वाटत होतं.

तिन्हीसांजेला वड्या पाडल्या. सुरी तेलात बुडवून, एका रेषेत. पहिली आईच्या हातावर ठेवली. ती सावकाश चावत राहिली. मी तिच्या जबड्याकडे बघत होते, परीक्षेचा निकाल वाचावा तशी.

"वायंच कडू आसा," ती म्हणाली.

मीही चाखली. खरंच, खपलीखाली एक कडवट धागा होता. माझ्या केकला तो कधी नसायचा. जाड सालीचा गुण, मला वाटलं.

"पण माका आवडला. नुसता गॉड म्हणजे लग्नातला," आई म्हणाली आणि तिनं दुसरी वडी घेतली. "कुडाळवालो घेतलो म्हणतस?"

"घेतलो."

"मगे पडवी कित्या रिकामी ठेवूची? घे तू. उद्या झाडून घे. दिगू, ऐकलंस मा?"

"ऐकलंय," दिगू म्हणाला. त्याच्या हातातली वडी अर्धीच राहिली होती. रेवतीनं त्याच्याकडे बघितलं आणि ती उठून भांडी गोळा करायला लागली.

मी आईच्या पाया पडले. मला वाटतं, त्या घटकेएवढी सुखात मी लग्नातही नव्हते. टोपातली वाळू निवली होती. ती मागच्या अंगणात पसरावी, पडवी एकदा डोळ्यांनी बघावी, म्हणून मी टोप कडेवर घेतला आणि कडी काढली. रेवती "वन्सं, अहो—" म्हणेपर्यंत मी पायऱ्या उतरले होते.

उजेड होता अजून. दालचिनी उभी होती. शेंडा हिरवागार, पानं वाऱ्यावर हलत होती. आणि गुडघ्यापासून ते उंच माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत तिच्या अंगावर साल नव्हती. सगळीकडून, गोल. उघडं लाकूड आधी पांढरं असणार, आता ते तपकिरी पडत चाललं होतं. लुगडं फेडून अंगणात उभ्या केलेल्या बाईसारखं ते झाड उभं होतं, आणि तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा जागेवर होता.

माझ्या तोंडात अजून वडीची चव होती. कडूपणा कुठून आला ते मला कळलं.

दिगू मागोमाग आला.

"कोयतो नाय लावूक," तो आधीच म्हणाला. "पितळेच्या पट्टीन काढलंय. आईची शपथ मोडूक नाय."

"सगळीकडून सोललंस. सुकतला हां दिगू."

"सुकान दे. आपसूक सुकला तर कोणाच्या माथ्यार पाप नाय." तो पायानं माती उकरत होता. "आणि तुका डबो भरान दिलंय मा? कोल्हापुरात बसान कर तुझो केक. माका वाटला, तुका बरा वाटतला."

म्हणजे डब्यातली दालचिनी माझ्यासाठी राखलेली नव्हती. मला कोल्हापुरातच राहायला लावायची ती किंमत होती. झाड गेलं की आईचं कारण जाईल, कारण गेलं की पडवी जाईल, आणि मी डबा घेऊन दिराच्या गच्चीवर.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. दिगूच्या वेळी आई बाळंतपणाला तिच्या माहेरी होती. घरात मी आणि अण्णा. तेव्हा दालचिनी मनगटाएवढी होती. अण्णांनी ती एका घावात, घोट्याएवढी ठेवून तोडली. मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडा नको. ही जात येगळी. तोडली तर फुटता. उभी सोलली तर मरता." पुढच्या शिमग्याला बुंध्यातून लालचुटूक कोंब वर आले होते, लहान मुलाच्या तळव्यासारखे लाल. दालचिनीची पालवी हिरवी येत नाही, लाल येते. आई दिगूला घेऊन वर्षभरानं परतली, तोवर कोंब माझ्या डोक्यावर गेले होते. त्याला कधी कोयता लागला होता, हे तिला कुणी सांगितलं नाही.

मी आत गेले. आईजवळ बसले. सगळं सांगितलं.

ती खिडकीतून बघत राहिली. "काय बोलतंस तू? थोडी साल काढल्यान तेणां, माका इचारून काढल्यान. पाना बघ कशी हिरवीगार आसत."

"ती अजून थोडे दिस हिरवीच दिसतली आये. खालचा पाणी वर जाता, वरचा खाली येणा नाय. मुळा मरतली. आता बुंध्यात तोडला, तर फुटात. अण्णांनीच सांगितलेला."

"त्यांच्या तोंडी घालू नको."

"आये, खरा सांगतंय."

"इतक्या वर्सांनी इलंस," आई म्हणाली, आवाज न चढवता, "पडवी मागलंस, दिलंय. आता झाड मागतंस. कुमुद, त्या झाडाक कोयतो लावलंस, तर पडवी नाय, आणि ह्या घराची पायरीव नाय."

दिगू चौकटीला टेकून उभा होता.

मी गप्प बसले असते, तर पडवी माझी होती. उन्हाळ्यापर्यंत झाड उभ्या उभ्या वाळलं असतं, दिगूनं खांदे उडवले असते, आईनं देवाला बोल लावला असता. मी मागच्या दारी केक भाजत बसले असते, समोर ते वाळकं खोड, आणि डब्यात त्याचीच साल. रात्रभर मी तेच बघत होते.

पहाटे मी पडवीत गेले तर दिगू आधीच जागा होता. कंबरेला आकडी, आकडीला कोयता. जणू माडावर चढायला निघालाय.

"तू तोडतलंस?" मला क्षणभर वाटलं, तो तयार झालाय.

"मी नाय. माका शपथ आसा." त्यानं कोयता काढला आणि मूठ माझ्याकडे करून धरला. "तुका खंय आसा?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. मला सगळं समजलं होतं, आणि तरी मी कोयता घेतला. कारण आईला आज जे कळत नाही, ते शिमग्याला कळेल, असा मी हिशोब केला होता. लाल कोंब वर येतील. खिडकीतून नाही दिसले, तरी कुणी सांगेल. मग ती मला बोलावेल. चार महिने रुसेल, बस. आईच ती.

पहिला घाव वाकडा बसला. मी कधी कोयता धरला नव्हता. घोट्याच्या वर, सोललेल्या जागेच्या खाली, मी घालत राहिले. ओलं लाकूड होतं, प्रत्येक घावाला वास उसळत होता, काल केकवर पसरला तोच. झाड कलंडलं तेव्हा हिरवी पानं माझ्या अंगावर आली.

वर बघितलं तर आई दारात होती. चौकट दोन्ही हातांनी धरून. केस मोकळे.

"एकदा देवान न्हेल्यान त्यांका," ती म्हणाली. "आता तू."

आणि आत वळली. मला वाटलं होतं रडेल, शिव्या देईल, मग मी पायऱ्या चढून तिला धरीन. तिनं मला धरण्याजोगं काहीच ठेवलं नाही.

रेवतीनं माझी पिशवी भरून दिली. डबा वर ठेवला. "राहू दे, वन्सं, तुमच्या कामाचा आहे," असं म्हणत तिनं पिशवीचे बंद आवळले. उरलेल्या वड्या आईनं ताटासकट गाईपुढे ठेवायला लावल्या. मी निघाले, तेव्हा दिगू मागच्या अंगणात पावलं मोजत चालत होता. पडवीच्या भिंतीपासून बुंध्यापर्यंत, आणि पुन्हा परत.

शिमगा आला. मी वाट बघितली. मग फोन केला.

"फुटला काय रे?"

"नाय गो. माका तरी काय दिसूक नाय."

"आईक दी."

"येणा नाय ती."

पुढच्या शिमग्यालाही विचारलं, त्याच्या पुढच्यालाही. मग विचारायचं सोडलं. मनात म्हटलं, अण्णांचं झाड कोवळं होतं, हे जून झालं होतं. दिगूनं आधीच मुळं मारली असतील, मी उशीर केला असेल. किंवा लहानपणी मी नीट ऐकलंच नसेल. कोल्हापुरात जावेच्या बोळात एक खोली भाड्यानं घेतली, वाळूचा टोप मांडला, वड्या विकल्या. लोक म्हणत, तुमच्या केकला एक वेगळीच चव आहे, किंचित कडसर, कशाची? मी म्हणे, दालचिनीची. डबा खरोखरच सरता सरत नव्हता.

आई गेली तेव्हा मला कळवलं. मी पोचले तोवर तिला नेलं होतं. पायरी चढताना पाय अडला. मग चढले. आता अडवणारं कुणी नव्हतं.

घरामागे दोन खोल्या झाल्या होत्या. गुलाबी रंग, पंख्याचा आवाज, दोरीवर कुणा पाहुण्याचे टॉवेल. बुंधा खोल्यांच्या पायरीला लागून होता, काळा पडलेला. वाळवीनं आतून खाल्लेला. मी त्याच्यावर हात ठेवला तर चुरा हाताला लागला.

"तो आता आता मेला," मागून रेवती म्हणाली.

मी वळले.

"दर वर्षी फुटायचा, वन्सं. शिमग्याच्या सुमाराला. लाल लाल पालवी यायची, बोटभर. ह्यांच्या दृष्टीला पडायच्या आधीच आई पहाटे जायच्या. पायऱ्या बसत बसत उतरायच्या, एक एक. मी धरायला गेले तर हात झटकायच्या. सगळे कोंब खुडायच्या आणि नेऊन अण्णांच्या फोटोला वाहायच्या. एकसुद्धा ठेवायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, एखादा राहू दे की, झाड होईल. तर म्हणाल्या, त्यांचा आसा तां त्यांका देऊक व्हया."

"मला का नाही सांगितलंस?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "शपथ घातली होती. म्हणाल्या, कुमुदला कळता नये."

फुटत होतं, हे आईला कळलं होतं. पहिल्याच शिमग्याला.

ओटीवर अण्णांचा फोटो होता तसाच, किंचित पुढे झुकलेला. शेजारी आता आईचा ठेवायचा होता, म्हणून दिगूनं मला खिळा धरायला बोलावलं. अण्णांची चौकट जरा उचलली, तशी मागून काहीतरी सळसळलं आणि जमिनीवर पडलं. पानं. सुकलेली, गुंडाळलेली, तपकिरी, ओंजळभर. वर्षावर्षाची एकावर एक सारलेली. काही अजून भुईला टेकायच्या आधीच मोडत होती.

"कचरो खंयचो ह्यो?" दिगू म्हणाला. "रेवती, झाडू हाड गो."

मी खाली बसून ती गोळा केली. बोटांत चुरली, तरी वास होता. एक तुकडा मी जिभेवर ठेवला आणि दिगू खिळा ठोकेपर्यंत तिथंच बसून राहिले.

वायंच कडू.